भाऊजींचं न हलणारं घर

आमच्या भाऊजींच्या घरात पाहुण्याने खुर्ची पुढे ओढून बसायची सोय नव्हती. खुर्ची जमिनीला पक्की, टेबल भिंतीला पक्कं, आणि दोघांमधलं अंतर भाऊजींनी स्वतःच्या पोटावरून ठरवलेलं. भाऊजी म्हणजे काडी पैलवान. माझ्यासारखीने तिथे जेवायला बसायचं तर श्वास आत ओढून बसावं लागे, आणि जेवण झालं की तो जपून सोडावा लागे. मी हे बोलून दाखवलं की ते शांतपणे म्हणायचे, "मेव्हणीबाई, खुर्ची बरोबर आहे. माप तुमचं चुकलंय."

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने सुतार. लोक त्यांना पक्के मिस्त्री म्हणायचे, आणि ते नाव त्यांनी कमावलेलं होतं. हललं तर ते सामान, हललं नाही तर ते घर, असं त्यांचं एक शास्त्र होतं. त्या शास्त्राप्रमाणे त्यांनी आपल्या तीन खोल्या सजवल्या. पलंग भिंतीत, कपाटं भिंतीत, स्वयंपाकघरातल्या फळ्या भिंतीत. दाराशी चपला काढायला बसायचं स्टूल, तेसुद्धा जमिनीत रोवलेलं. बरं, हे सगळं खिळ्यांनी किंवा स्क्रूंनी जोडलं असतं तर उद्या काढता तरी आलं असतं. पण खिळा मारणं त्यांना कमीपणाचं वाटे. लाकडात खाच पाडायची, तिच्यात लाकडाचीच खुंटी बसवायची, वर सरस ओतायचा. एकदा बसलेली वस्तू तोडल्याशिवाय निघायची नाही.

ताईने लग्नानंतर नवऱ्याकडे फार काही मागितल्याचं मला आठवत नाही. एक खुर्ची मात्र ती मागत राहिली. साधी, उचलून नेता येईल अशी. दुपारी काम आवरलं की ती ओढून खिडकीशी न्यायची आणि उजेडात शिवण घेऊन बसायचं, एवढीच तिची हौस. भाऊजींनी तिला खिडकीखाली सुंदर बाक करून दिला. अर्थात पक्का. पण तिथे ऊन सकाळी यायचं आणि ताईला वेळ व्हायचा दुपारी, तोवर ऊन दुसऱ्या खोलीत गेलेलं असे. ऊन काही भाऊजींनी जागेवर बसवलं नव्हतं. ताई दोन्ही खोल्यांतून उभ्या उभ्या सुईत दोरा ओवायची आणि मनातल्या मनात काय म्हणायची ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण मीही तेच म्हणायचे.

आता त्यांचा दुसरा गुण. गुण म्हणायचा म्हणून म्हणते. या माणसाला आपल्या कामाचा दाम सांगता यायचा नाही. गिऱ्हाइकाने विचारलं, मिस्त्री किती झाले, की हे मान खाली घालून पटाशी पुसत बसायचे आणि म्हणायचे, द्या काय द्यायचं ते. आणि लोक काय, द्यायचं ते द्यायचे. वर चहा पाजून उपकार करायचे. भीड भिकेची बहीण हे मी त्यांना इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी माझंच तोंड दुखलं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या तीन खोल्या त्यांनी बँकेच्या कर्जावर घेतल्या होत्या. बरीच वर्षं हप्ते वेळेवर गेले. मग खोक्यांतून येणारं फर्निचर बाजारात आलं. लोक खोकं घरी नेऊन, कागदावरचं चित्र बघून, स्वतःच कपाट उभं करायला लागले. ते दोन वर्षांत वाकायचं, पण स्वस्त होतं. भाऊजींचं काम रोडावलं, हप्ते थकले. बँकेने बोलावून घेतलं आणि कर्जाची नव्याने घडी घालून दिली. हप्ता लहान केला, मुदत वाढवली, थकलेलं व्याज पुढे ढकललं. ते कागद वाचायला मला नेलं होतं. मी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे, म्हणजे आमच्या घराण्यात वकीलच. त्या कागदात एक कलम होतं. हे लहान केलेले हप्तेही चुकले तर सगळी सवलत रद्द, सगळं कर्ज एकदम भरायचं, नाहीतर बँक घराचा ताबा घेणार. मी ते मोठ्याने वाचलं. भाऊजी म्हणाले, नाही चुकणार.

आणि ते चुकले नसते. त्याच सुमाराला एका दवाखान्याचं मोठं काम त्यांना मिळालं. टेबलं, बाकं, औषधांची कपाटं, सगळं त्यांनी जीव ओतून केलं. लाकूड उधारीवर आणलं. काम झाल्यावर दवाखान्याच्या मालकाने थोडे पैसे हातावर ठेवले आणि बाकीचे बघू म्हणून तोंडाला पानं पुसली. भांडायचं तर कशावर भांडणार? दाम आधी ठरलेलाच नव्हता. लाकडाची उधारी फेडण्यात हप्त्याचे पैसे गेले. बुडत्याचा पाय खोलात, दुसरं काय. मला त्या मालकाचा राग आला, पण त्याहून जास्त भाऊजींचा आला.

बँकेची नोटीस आली तेव्हा सगळे नातेवाईक जमले. ताईचे धाकटे दीर सल्ले द्यायला नेहमी पुढे असतात. त्यांचं म्हणणं, ताबा द्यायच्या आधी कपाटं, दारं, नळ, सगळं उपटून काढा आणि बँकेला नुसत्या भिंती द्या, बसू दे बोंबलत. पुष्कळांना ते पटलं. खोटं कशाला बोलू, मलाही पटलं. भाऊजी खाली बघत होते. मग म्हणाले, काढता येत नाही, फोडावं लागेल. आणि वर म्हणाले की फोडता आलं तरी फोडणार नाही, कारण पैसे मी घेतलेत. त्यावर दीर उठून गेले.

काही दिवसांनी बँकेच्या वसुली खात्यातल्या मॅडम घर बघायला आल्या. मी मनात एक कजाग बाई रंगवून ठेवली होती. प्रत्यक्षात आली ती माझ्याच वयाची, पायात कापडी बूट घातलेली, चालून चालून दमलेली बाई. मी तिच्याशी भांडायला दोन दिवस तयारी केली होती, ती फुकट गेली. ताबा म्हणजे काय ते तिने नीट समजावून सांगितलं. भांडी, कपडे, अंथरुणं, शिवणयंत्र, सुताराची हत्यारं, जे उचलून नेता येतं ते तुमचं. जे घराला कायमचं जोडलेलं आहे ते घराचा भाग, ते घराबरोबर जाणार. असं सांगता सांगता ती बसायला म्हणून खुर्ची ओढू लागली. खुर्ची येईना. तिने दोन्ही हातांनी ओढली.

"ही पण जोडलेली आहे?"

"ही पण," भाऊजी म्हणाले.

ताई आधी हसली. मग तिला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. तोंडाला पदर लावून ती आत गेली. मीही घराकडे पाहिलं. आयुष्यभर या माणसाने जे जे स्वतःसाठी बनवलं त्यातलं एकसुद्धा त्याला बरोबर नेता येणार नव्हतं. दुसऱ्या कुठल्या सुताराने अशी चूक केली नसती. चांगल्या कारागिरानेच करावी अशी ती चूक होती.

भाऊजी मात्र टेबलावर हात ठेवून उभे होते. त्यांनी विचारलं, म्हणजे हे सगळं लाकूड आता घराचंच समजायचं? मॅडम म्हणाल्या, हो, नियमाने तसंच आहे.

"मग घराच्या किमतीत ते धरलंय?"

मॅडमनी फाइल उघडली. किंमत ठरवणारा माणूस पूर्वी येऊन गेला होता. त्याने खोल्यांची मापं घेतली होती, इमारत किती जुनी ते लिहिलं होतं. लाकडाबद्दल अक्षर नव्हतं.

"नाही धरलेलं," त्या म्हणाल्या.

"मग धरा."

एवढी वर्षं ज्याच्या तोंडून दामाबद्दल शब्द निघाला नव्हता, त्या माणसाचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मोठा नव्हता, पण त्यात मान खाली नव्हती.

यात काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं. आधीच्या किमतीने लिलाव झाला असता तर आलेला पैसा कर्जातच जिरला असता. ताई-भाऊजी रिकाम्या हातांनी रस्त्यावर, आणि भाऊजींना या वयात दुसऱ्याच्या कारखान्यात रोजाने रंधा मारावा लागला असता. लाकडाची किंमत धरली गेली तर कर्ज फिटून वर काही उरणार होतं. भाड्याच्या खोलीची अनामत आणि एखादी शेड घेण्याइतपत. घर जाणार हे ठरलेलंच होतं. प्रश्न एवढाच होता की घराबरोबर सुतारही जाणार का.

भाऊजी बँकेत जाऊ लागले. मॅनेजर म्हणाले, एकदा ठरलेली किंमत बदलत नसतो. भाऊजी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मॅनेजर म्हणाले, जुन्या लाकडाला कोण विचारतो. भाऊजी तिसऱ्या दिवशीही गेले. बोलायचे काही नाहीत. बाहेरच्या बाकावर बसायचे, अंगावर भुसा, आणि येणारा-जाणारा विचारायचा की मिस्त्री, इथलं काय बिघडलंय. शेवटी मॅडमनीच वर लिहून पाठवलं की आपण एका तोंडाने हे घराचा भाग म्हणतो, तर दुसऱ्या तोंडाने त्याची किंमत नाही असं म्हणता येत नाही. किंमत ठरवणारा पुन्हा येईल असं ठरलं.

तो आला. वयस्कर गृहस्थ, उन्हातून चालून धाप लागलेली. त्याने सगळं पाहिलं, हात फिरवून पाहिलं, आणि वही उघडून विचारलं, मजुरी किती धरू? भाऊजींनी सवयीने मान खाली घातली. त्यांचा हात पटाशी शोधायला लागला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून ताई म्हणाली, "बोला."

भाऊजी बोलले. समोरच्या भिंतीकडे बघत, एकेका वस्तूची पूर्ण मजुरी त्यांनी सांगितली. गृहस्थांनी ती लिहून घेतली आणि वापर किती वर्षांचा ते धरून बरीच कापली. ते लबाडी करत नव्हते, त्यांची रीतच तशी होती. भाऊजी म्हणाले, रंग जुना झालाय, जोड नाही. गृहस्थ म्हणाले, माझ्या वहीत वर्षांचा रकाना आहे, जोडांचा नाही. मग त्यांनी पलंगाच्या कडेवर बसून चहा घेतला, जरा विचार केला आणि आकडा थोडा वर नेला. भाऊजींना हवा होता तेवढा नाही. पण कर्जाच्या वर गेला.

ताबा द्यायच्या आठवड्यात भाऊजींनी साऱ्या बिजागऱ्यांना तेल दिलं. मला ते बघवेना. मी विचारलं, कुणासाठी हे? ते म्हणाले, दार कुरकुरलं तर नाव माझंच निघेल. ठरल्या दिवशी मॅडम आल्या, बरोबर कुलूप तोडणारा माणूसही आला होता. भाऊजींनी त्याला म्हटलं, तुमची आज सुट्टी, आणि किल्ली मॅडमच्या हातात ठेवली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ मी त्या दिवशी पाहिला.

ती दोघं एका भाड्याच्या खोलीत राहायला गेली. घरमालकीणबाईंची एकच अट होती: भिंतीत खिळा ठोकायचा नाही. मी एवढ्या दुःखातही हसले. भाऊजी हसले नाहीत. हत्यारांची पेटी त्यांनी कोपऱ्यात ठेवली आणि चटईवर बसले.

मग लिलाव झाला, आणि एकही माणूस बोली लावायला आला नाही.

दिरांनी लगेच येऊन सांगितलं, हात दाखवून अवलक्षण. कोण देणार लाकडाचे पैसे? आता बँक किंमत उतरवून पुन्हा लिलाव करणार, तेव्हाही कुणी आलं नाही तर आणखी उतरवणार, आणि उतरता उतरता ती कर्जापर्यंत येणार. तोवर व्याज चालूच. ताईने आजवर नवऱ्याला कधी लागेल असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी बोलली.

"आयुष्यात एकदाच तोंड उघडलंत, ते पण आपल्याच वाटेवर दगड ठेवायला."

भाऊजी म्हणाले, "किंमत चुकलेली नाही. घर कुणी पाहिलेलं नाही."

हे मात्र खरं होतं. पेपरातल्या जाहिरातीत तीन खोल्या आणि एक आकडा, एवढंच होतं. दुसऱ्या लिलावाआधी घर बघायला एक दिवस खुला असणार होता. भाऊजी मॅडमकडे गेले आणि म्हणाले, त्या दिवशी मला तिथे उभं राहू द्या. मॅडम म्हणाल्या की अशी काही पद्धत नाही, पण येऊ नका असंही कुठे लिहिलेलं नाही. कुणाला अडवायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. भाऊजींनी कबूल केलं. ताई येणार नाही म्हणाली. मी शाळेत पोट दुखतंय असं सांगून गेले.

आपल्याच घरात पाहुण्यासारखं उभं राहणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. एक दलाल आला. कपाटांवर थापा मारत हिंडला आणि म्हणाला, हे सगळं तोडून टाकायचा खर्च किमतीतून वजा करायला हवा. एक नवं जोडपं आलं. मुलीला पलंग दुसऱ्या भिंतीला हवा होता. तो हलत नाही म्हटल्यावर तिने नाक मुरडलं. त्या मुलीत मला आमची ताई दिसली, त्यामुळे मी तिला मनातून दोष दिला नाही. भाऊजी कोपऱ्यात, हात पाठीमागे बांधून उभे. त्यांचे कान लाल झाले होते.

दुपारी एक बसचालक आला, बायको आणि म्हातारी आई बरोबर. आईचा तोल आजारपणात गेला होता, दोघांनी दोन बाजूंनी तिला धरलेलं. दाराशी ती स्टुलावर टेकली. उठताना तिने मुलाच्या हाताऐवजी स्टुलाची कडा धरली. मग कपाटाची कड धरली. मग खुर्चीची पाठ, मग टेबल. प्रत्येक ठिकाणी थांबून ती सगळा भार टाकून बघायची आणि पुढे सरकायची. मुलगा मागून घाबरून म्हणाला, आई, धरून चाल.

"धरूनच चाललेय," म्हातारी म्हणाली. "आपल्या घरी मी जे धरते ते माझ्या आधी पडतं."

ती तशीच स्वयंपाकघरात गेली आणि बाकाला धरून परत आली. एकटी. सुनेने तोंडावर हात ठेवला होता. म्हातारीने पलंगाची कड धरून विचारलं, हे केलंय कुणी? मॅडमनी कोपऱ्याकडे पाहिलं.

"मी," भाऊजी म्हणाले.

"मी अंगाने जड आहे हो. रोज टेकले तर?"

"टेका."

एवढंच. मी असते तर लाकडाच्या जातीपासून सुरुवात केली असती.

दुसऱ्या लिलावात बसचालकाने बोली लावली. दलालानेही लावली, कारण घर बघायला दुसरं कुणी येतंय म्हटल्यावर दलालाला राहवत नाही. दलाल वर चढला, बसचालक त्याच्या वर चढला. घर बसचालकाने घेतलं, आणि उतरवलेल्या किमतीपेक्षा बरंच वर घेतलं. बँकेने कर्ज, व्याज, लिलावाचा खर्च, सगळं कापून उरलेली रक्कम भाऊजींच्या खात्यात टाकली. मॅडमचा फोन मला ऑफिसात आला. मी सगळ्यांना चहा पाजला. कारण विचारलं तेव्हा सांगितलं की आमच्या ताईचं घर लिलावात विकलं गेलं. लोक चहाचा कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

त्या पैशांतून भाऊजींनी एक शेड भाड्याने घेतली. श्रीमंत झाले नाहीत, होणारही नाहीत. पण आता गिऱ्हाईक आलं की ते आधी दाम सांगतात. अजूनही भिंतीकडे बघूनच सांगतात, पण पूर्ण सांगतात. दोनचार जण परत जातात. जाऊ देतात.

शेडमध्ये पहिली वस्तू त्यांनी गिऱ्हाइकासाठी केली नाही. मी त्या दिवशी ताईकडेच होते. भाऊजी खांद्यावर एक खुर्ची घेऊन जिना चढून आले. साधी, चार पायांची. खोलीत आणून त्यांनी ती सवयीने भिंतीला अगदी चिकटवून ठेवली, मागे सरून डोळा बारीक करून बघितली, पुन्हा पुढे होऊन आणखी चिकटवली.

ताईने शिवण खाली ठेवलं, खुर्चीची पाठ धरली आणि फरशीवरून खरखरत ओढत खिडकीशी नेली. बसली. ऊन जरा सरकल्यासारखं वाटलं तशी उठली आणि ओढत दाराकडे नेली. मग पुन्हा खिडकीशी. खालून घरमालकीणबाईंनी छताला काहीतरी ठोकून दाखवलं.

भाऊजी म्हणाले, "पायांना रबर लावून देतो. आवाज होणार नाही."

"नको," ताई म्हणाली. "होऊ दे."

आणि तिने खुर्ची आणखी थोडी पुढे ओढली.